कोरा ठेवलेला रकाना

अमरावती,
८ जानेवारी २०२४

ती. शालिकराममामांना वर्षालीचा शि. सा. न.

नोकरीचं फोनवर बोलायचं नाही म्हणालात, म्हणून हे पत्र. तुमच्या बियाणे कंपनीतल्या प्रयोगशाळेचा अर्ज पाठवला. ‘कंपनीतील ओळखीची व्यक्ती’ हा रकाना तुम्ही सांगितलं तसा कोरा ठेवला. साहेबांना कागदावर वशिला दिसलेला आवडत नाही, तोंडी सांगतो म्हणालात, तेव्हाच माझी काळजी मिटली. इथल्या क्लासमधलं माझं शिकवण्याचं काम मार्चमध्ये संपतं. अकोल्याला लागले, तर आईला पातूरहून आणता येईल. गुडघ्यांमुळे तिला आता एकटीनं राहणं होत नाही.

लग्नासाठी खुशीची चौकशी करायला चंदनच्या आई माझ्या खोलीवर आल्या होत्या. मामांची लेक चहा बिघडवते, पण मनानं सोनं आहे, असं सांगितलं. हसत हसत गेल्या.

लोभ आहेच, तो वाढू द्या.

तुमची लाडकी भाची,
वर्षाली

अकोला,
२ फेब्रुवारी

चि. वर्षालीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या शब्दावर चंदनकडचे तयार झाले. अकरा तारखेला खुशीचं साक्षगंध आहे, आईला घेऊन ये. मामीनं तुझ्यासाठी साडी घेतली आहे. नोकरीचं मात्र जमलं नाही. साहेबांना सांगून पाहिलं, पण तिथं मोठमोठ्यांच्या चिठ्ठ्या. आपल्याला कोण विचारतो? पुढच्या वर्षी बघू.

मामाच्या घरावरचा जीव कमी करू नको.

तुझा,
शालिकराममामा

अमरावती,
१३ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

साक्षगंधात चंदनची बहीण शकुन आनंदानं मला बिलगली. तुमच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली म्हणे. तिचा अर्ज तुम्ही समोर बसून भरून घेतलात आणि त्या रकान्यात तुमचं नाव लिहायला लावलंत. एका कर्मचाऱ्याला एकाच उमेदवाराचं नाव सुचवता येतं, कोऱ्या रकान्याचे अर्ज साहेब बघतही नाहीत, हेही तिला तुम्हीच सांगितलंत.

खुशीचं जमवायचं आहे, असं सरळ म्हणाला असतात, तर रडले असते आणि गप्प बसले असते. तुम्ही केसानं गळा कापलात, मामा. काल फोनवर आई विचारत होती, साक्षगंधात कावून जेवली नाही, काय झालं म्हणून. तिला काय सांगू?

निघताना चंदनच्या आईंनी विचारलं, तुझे मामा शब्दाचे कसे आहेत. मी खुशीकडे पाहिलं आणि पक्के आहेत म्हणाले. पुन्हा तसं म्हणणं मला जमणार नाही, म्हणून लग्नाला येत नाही. आईला पाठवते. वर्षाली का आली नाही, हे तिला तुम्हीच सांगा.

लोभ मागत नाही.

वर्षाली