चौदा तास वीस मिनिटांची बैठक

३ फेब्रुवारी
लेकीचं बाळंतपण तिकडे परदेशात, मार्चच्या मध्यावर. बायकोने मला न विचारता दोघांची तिकिटं काढली. नकाशावर मोजलं. अंतर बारा हजार एकशे किलोमीटर. विमान मध्ये कुठेही न थांबता चौदा तास वीस मिनिटं. तीस वर्षं जमीन मोजणीत काढली, अंतराला मी घाबरत नाही. प्रश्न फक्त बसण्याचा. उद्यापासून प्रॅक्टिस.

४ फेब्रुवारी, सकाळी ७
जेवणाच्या टेबलाची खुर्ची कपाट आणि भिंतीच्या मधे कोंबली. समोर इस्त्रीचं टेबल. हुबेहूब विमान. उठायचं नाही.

सकाळी ७.४०
उठलो. दोष खुर्चीचा. शिवाय कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास. शिसारी आली.

८ फेब्रुवारी
दोन तास अकरा मिनिटं! बाथरूमच्या पाच फेऱ्या धरून. मेव्हणा आला होता. विमानाने चारदा परदेशी जाऊन आलाय. म्हणतो, भावोजी, खायचं नि झोपायचं, त्यात काय! हा माणूस लग्नात उभ्या उभ्या झोपतो. आणि खायचं काय, तर फॉइलच्या डब्यातलं, शेजाऱ्याच्या कोपराखाली. शी!

१५ फेब्रुवारी
प्रॅक्टिस बंद. पाठ धरली. मी भीत नाही, असं बायकोला तीनदा सांगितलं. तिने एकदाही विचारलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी
तोडगा सापडला. बोटीने बावीस दिवस. लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, चार वर्षांत तुम्ही माझं घर पाहिलं नाहीत. विषय काय, ही बोलते काय! ती बोट मालाची आहे, माणसं घेत नाहीत, हे मेव्हण्याने उगाच उकरून काढलं. वीट आलाय या माणसाचा.

९ मार्च, दुपारी १
विमानतळ. कार्पेटला ओल्या मोज्यांचा वास. कॉफी म्हणजे गरम गढूळ पाणी. तपासणीत पुढच्या गृहस्थाने बूट काढले. असल्यांबरोबर चौदा तास? तरी मी शांत आहे. तळहात ओले आहेत ते एसीमुळे.

दुपारी ३.१०
विमानात सोडायला लागले. बायकोला म्हटलं, तू हो पुढे, मी पाण्याची बाटली घेऊन आलोच. तिने माझ्याकडे पाहिलं. बाळाच्या कपड्यांची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

दुपारी ४.०५
बाटली मिळाली. गेट बंद. नको तेव्हा बरे वक्तशीर हे लोक!

१० मार्च
बायको पोचली. म्हणाली, शेजारची सीट रिकामीच होती, पाय पसरून झोपले.

१४ मार्च
नात झाली. तीन किलो. लेक स्वतः बोलली. आवाज दमलेला. का आला नाहीत, असं विचारणार, म्हणून चार मुद्दे कागदावर काढून ठेवले होते, सगळे बिनतोड.
तिने विचारलंच नाही. म्हणाली, बाबा, जेवलात का?
हो म्हटलं. जेवलो नव्हतो.