पाहुण्यांसमोर परीचा चष्मा

रविवार, संध्याकाळ. परतूर.

थकले. आज मला बघायला पाहुणे येऊन गेले, पण थकवा त्याचा नाही.

दादाची मुलगी परी चार वर्षांची. तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. डॉक्टर म्हणाले होते, सगळ्यांचा तिरळेपणा चष्म्याने जात नाही, पण हिचा मोठ्या नंबरामुळे आहे. चष्मा दिवसभर लावला तर डोळा सरळ राहील, नाहीतर त्याची नजर मंदावेल. घरात पदवी घेतलेली मी एकटी, म्हणून समजावणंही माझ्याकडेच. आणि आज पाहुणे दारात येताच आईने तोच चष्मा काढून कपाटावर ठेवला. "घरात डोळ्याचा आजार हाय असं वाटंल त्यांला."

झालं उलटंच. चहा घेताना पाहुणीने विचारलं, "पोरगी अशी कामून पाहून राह्यली?"

मी पोह्यांचा ट्रे ठेवला, कपाटावरून चष्मा काढला आणि परीला लावला. थोड्या वेळात डोळा सरळ.

"अगं बाई! मंग काढला कशाला?" पाहुणी म्हणाली.

ते गेल्यावर आई म्हणाली, "लई शिकलीस! हे बी स्थळ गेलं समज." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

गेलं असेल. पण चष्मा काढला की डोळा पुन्हा वळतो, मग याला बरं होणं म्हणायचं का? मलाही नीट कळत नाही. आणि उद्या तो परत कपाटावर गेला तर?

आत्ताच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. परीला म्हणतेय, "आधी चष्मा लाव, मंग वाढते."