माझी ऑर्डर मी देणार

११ फेब्रु. २००६, शनि. काउआऊ बेट
सकाळी सहाला हाफ मून बे सोडलं. वारा पाठीमागून, आमची शिडाची बोट साळुंकी खुशीत. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बोटीवर आले. मे महिन्यात डावीकडची अर्धी जीभ गेली, पण शिडाची दोरी ओढायला जीभ लागत नाही.

दुपारी जेटीवरच्या कॅफेत गेलो. फळ्यावर खडूने लिहिलेलं: कॅजन चिकन. अमेरिकेत लुइझियाना म्हणून आहे, तिकडचं तिखट म्हणे. नऊ महिने कस्टर्ड, गुरगुट्या भात, भोपळ्याचं सूप. डाएटिशियनच्या यादीत तिखट-आंबट सगळ्यावर फुली. ठरवलं, तेच खायचं.

वेट्रेसने नवऱ्याला, विनयला, विचारलं, "आणि ह्यांना काय?"
विनय म्हणाला, "पम्पकिन सूप, थँक्स."
मी तिथेच बसले होते. समोरच्या खुर्चीत!

सूप आलं तसं परत पाठवलं. चिकन मागितलं. पोरीला कळेना. परत सांगितलं. ती पुन्हा विनयकडे बघायला लागली. शेवटी उठून फळ्यावर बोट ठेवलं.

चिकन म्हणजे नुसती पाप्रिका, रंगापुरती मिरची, नि मीठ. घशाखाली उतरवायला तीन ग्लास पाणी. सगळं संपवलं.

१२ फेब्रु., रवि.
तोंड आलंय. गालाला आतून फोड. विनयचा चेहरा 'सांगितलं होतं ना' असा.

मग मीच काढलं. म्हटलं, माझी ऑर्डर तू का दिलीस?
"तुला त्रास नको म्हणून."
"त्रास मला होत होता की तुला?"
म्हणाला, लोक तुझ्याकडे बघतात ते मला बघवत नाही.

खरं बोलला. तेवीस वर्षांचा संसार आहे, वाईट माणूस नाही. रेडिएशनच्या सहा आठवड्यांत मनुरेवाच्या घरून रोज हॉस्पिटलला गाडी चालवत घेऊन गेला. पण तेव्हापासून डॉक्टर, प्लंबर, डेअरीवाला, सगळ्यांशी माझ्या वतीने हाच बोलतो. लेकीचा, ऋताचा, फोन आला तरी आधी ह्याच्या हातात.

ठरलं ते असं: या ट्रिपमध्ये पाण्याकाठी जिथे जिथे जेवू तिथे कॅजन असेल ते मी खाणार. मी मागणार. बोट न दाखवता.
"आणि बाधलं तर?"
बाधू दे.

१४ फेब्रु., मंगळ. टुटुकाका
आज रेडिओ मी घेतला. एरवी विनयचं काम. बोटीचं नाव, माणसं दोन, कुठून कुठे. 'साळुंकी' हे नाव मीच हौसेने ठेवलेलं, आणि आता तोंडातून ळ निघत नाही. ट-ड पण गेले. फार्मसिस्ट आहे आणि 'टॅबलेट' म्हणता येत नाही.

तिकडून कोस्टगार्डची बाई म्हणाली, "से अगेन, ओव्हर." पुन्हा सांगितलं. "से अगेन." विनयचा हात पुढे आला, मी पाठ फिरवली. तिसऱ्यांदा अक्षर अक्षर करून. एस फॉर सिएरा, ए फॉर अल्फा... "थँक यू सॅलंकी, स्वीट ॲज." इथल्या बोलीत 'झकास', एवढं म्हणून मोकळी झाली. तिला कीव नाही, घाई नाही. रेडिओवर सगळ्यांनाच पुन्हा सांगावं लागतं.

मरीनावर कॅजन मासा. स्नॅपर, मसाला लावून तव्यावर काळा केलेला. वेटर वयस्क. मी मागितलं, त्याने मान पुढे करून ऐकलं, दुसऱ्यांदा कळलं. मासा बरा, पण तिखट कुठाय? त्याला विचारलं तर हसला. म्हणाला, आम्ही डब्यातला मसाला टाकतो. खरं खायचं तर रसेलच्या अलीकडच्या खाडीत जा, रेमंड नावाचा लुइझियानाचा माणूस आहे. स्वतःच्या बोटीने आला तो परत गेलाच नाही. शुक्रवारी बोटशेडमध्ये चूल लावतो.

१५ फेब्रु., बुध.
मोबाइलला रेंज आली तेव्हा आमच्या औषधाच्या दुकानातल्या मॅनेजरचा निरोप. मार्चपासून कामावर यायचं, पण काउंटरवर नाही. मागच्या खोलीत गोळ्या मोजून भरायच्या. फोन घ्यायचा नाही, गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. "इझियर फॉर एव्हरीवन." सोमवारपर्यंत कळव म्हणाला.

अकरा वर्षं त्या काउंटरवर उभी आहे. सामोअन आज्या, फिजीहून आलेले काका, बाळाला ताप म्हणून घाबरलेल्या पोरी. कुणाचं इंग्लिश कुणाला पहिल्या झटक्यात कळत होतं तिथे?

विनय म्हणतो, पगार तोच आहे, विचार कर.
विचार केला. नाही.

१७ फेब्रु., शुक्र. रसेलजवळ
रेमंड सत्तरीचा, ढेरपोट्या, पायात रबरी चपला, जांडल्स म्हणतात इथे. बोटशेडमध्ये दोन लांब बाकं, खाली भरतीचं पाणी. मोठ्या पातेल्यात गंबो. पीठ तेलात चॉकलेटी होईस्तो परतायचं, मग कांदा, सेलरी, सिमला मिरची, शिंपले, धुरावलेला मासा. आणि भेंडी! फ्रीझरमधलं पाकीट बघितलं, आपल्या पापाटोएटोएतल्या दुकानात मिळतं तेच. म्हणाला, गंबो म्हणजे आफ्रिकेकडच्या कुठल्याशा भाषेत भेंडीच.

मी मागितलं. त्याला कळलं नाही. विनय शेजारी, पण ओठ मिटून उभा. रेमंडने त्याच्याकडे बघितलंही नाही, मलाच म्हणाला, "पुन्हा सांग. मी पण इथे नऊ वर्षं सगळं दोनदाच सांगतोय."
मी पुन्हा सांगितलं. "मोठा वाडगा. तिखट कमी करायचं नाही."
"नाही करणार," म्हणाला.

झोंबलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कान गरम. चव अर्धीच लागते अजून, पण तिखट पूर्ण लागतं! आणि उतरलं. पाण्याशिवाय उतरलं. मला लाळ सुटत नाही, घास घशात अडकतो, पण भेंडीच्या ताराने सरसर खाली. आईने भेंडीचा तार जाळायला शिकवलं. नीट परत, बुळबुळीत राहिली तर पानावरून उठवीन, म्हणायची. आई, माझ्यासाठी तो तारच कामाचा निघाला गं.

दुसरा वाडगा विनयने मागितला. स्वतःसाठी. ठसका लागला, लाल झाला, तरी खात होता.

१८ फेब्रु., शनि.
फोड वाढले. ताक पिऊन पडून आहे. पश्चात्ताप शून्य.

२० फेब्रु., सोम. ओपुआ
नऊ वाजता मॅनेजरला फोन लावला. विनय शेजारी होता, उठला, पाण्याचे कॅन उचलून जेटीवर निघून गेला. मी न सांगता.

म्हटलं, मी काउंटरवरच उभी राहणार.
"सॉरी?"
पुन्हा सांगितलं.
"सॉरी, लाइन खराब आहे का?"
"लाइन चांगली आहे. माझं बोलणं असंच आहे. पुन्हा सांगते."
तिसऱ्यांदा कळलं. मग म्हणाला, कस्टमर्सना जड जाईल.
म्हटलं, सवय होईल. डोस मी लिहून पण देईन, पण आधी तोंडाने सांगेन.
"आय डोन्ट नो," म्हणाला. वरच्यांशी बोलतो. मार्चच्या आधीच, पुढच्या सोमवारी ये, बघू.

बघू म्हणजे काय, ते त्यालाच माहीत. 'हो' म्हणाला नाही, 'नाही' पण म्हणाला नाही. मार्चमध्ये स्कॅन आहे, तिथेही बघूच.

विनय कॅन भरून आला. काय झालं विचारलं. पहिल्यांदा कळलं नाही त्याला, मोटरचा आवाज होता. "काय? परत सांग," म्हणाला. सगळं परत सांगितलं.

सोमवारी दुकान नऊला उघडतं. साडेआठला दारात असेन. पांढरा कोट घालून.