दोन वाक्यांमधली फट

प्रिय ठमे,

फोन केला नाही, कारण फोनवर माझ्या घशातून नुसती शिट्टी निघते. सगळा कारखाना जिला ‘भोंगा’ म्हणतो, त्या तुझ्या आत्याची ही गत! परवा तू शिवणखात्यात होतीस, तेव्हा तुझ्या कानावर अर्धवटच आलं असेल. फाटकावरच्या सभेत मी रंगखात्यातल्या बंद पंख्यांवर तुटून पडले होते. रंगाची भुकटी छातीत घेऊन माणसांनी किती दिवस खोकायचं, असं विचारलं आणि पुढचं वाक्य घशातच अडकलं. लगेच बोभाटा काय, तर मालकाने भोंग्यात नोटांचा बोळा कोंबला! ज्यांच्यासाठी जन्मभर घसा फोडला, त्यांनीच हे म्हणावं? संताप आला, पण संतापायलाही श्वास लागतो गं.

डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक कॅमेरा घशात सोडला आणि भरभर श्वास घ्यायला लावला. पडद्यावर माझे स्वरतंतू दिसले, दोन पांढुरक्या पट्ट्या. निरोगी माणसाचे अशा वेळी बाजूला सरकून वाट मोकळी करतात म्हणे. माझे मात्र श्वास सोडताना एकमेकांकडे ओढले जात होते, कुणीतरी दार लोटावं तसे. दम्याने छातीतल्या नळ्या आधीच आवळलेल्या, त्यात हे वरचं दारही अर्धं मिटलेलं. दम्याच्या बऱ्याच जणांचं असं होतं, बाई म्हणाल्या. मग सावकाश श्वास घ्यायला सांगितला, तेव्हा दार हळूहळू उघडलं. पूर्वीचा आवाज परत येईल का, विचारलं. आधी श्वासाचं बघू, म्हणत त्यांनी औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली.

तिथे मला तू आठवलीस. गच्चीवर मी तुला भाषण शिकवायचे: दोन वाक्यांमध्ये फट ठेवू नकोस, झटक्यात श्वास ओढ, नाहीतर समोरचा मध्ये घुसतो. तू ते घोटून घोटून शिकलीस. एका घरात एक भोंगा पुरे, म्हणून तुझे बाबा कपाळाला हात लावायचे. आणि घराण्यातला दमाही नेमका तुझ्याच वाट्याला आला.

उद्या फाटकावर माझ्या जागी तू उभी राहणार, असं तुझ्या बाबांकडूनच आज कळलं. राहू नकोस म्हणणार नाही. पंखे सुरू झालेच पाहिजेत. फक्त माझ्यासारखं बोलू नकोस. वाक्य संपलं की थांब, नाकाने सावकाश श्वास घे. त्या फटीत लोक ओरडतील, तुझी आत्या विकली गेली म्हणतील. म्हणू देत. त्यांना गप्प करायला धावू नकोस. मी समोरच बसलेली असेन. मी मान हलवली की मगच पुढचं वाक्य बोल.

तुझीच,
पहिल्या रांगेतली आत्या