एक नंबर मोठे टायर

अण्णा, आज सकाळी टायरच्या दुकानात उभी असताना मला तुमचा राग आला, आणि आता दिवेलागण झाली तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर इतक्या वर्षांनी रागावू नये, असं तुमच्या जावयांचं म्हणणं. त्यांना तुम्ही फक्त सणावारी भेटलात, त्यामुळे त्यांना बोलायला सोपं आहे.

आमच्या गाडीचे चारही टायर गुळगुळीत झाले होते. दुकानदार माझ्या लेकीच्या वयाचा, बोलायला गोड. म्हणाला, "आंटीजी, एक नंबर मोटे डाल देता हूँ. दूसरी गाड़ी का माल पड़ा है, काफी सस्ता पड़ेगा." मी विचारलं, काही त्रास तर नाही ना होणार? "कुछ नी होता. बस स्टेरिंग पूरा मत काटना, आखरी का थोड़ा छोड़ देना. नी तो टायर अंदर घिसेगा." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. ते वाक्य चाळीस वर्षं मी तुमचं म्हणून जपलं होतं. ते टायरवाल्याचं निघालं.

मी एकवीस वर्षांची आहे. लालबाग पॅलेसच्या बाहेरचा रस्ता, डिसेंबरची सकाळ, तुम्ही मफलर गुंडाळून शेजारच्या सीटवर. माझी उंची कमी, म्हणून आईच्या जुन्या पातळाची घडी करून तुम्ही स्वतः माझ्या पाठीशी लावता. गिअर अडकला की ओरडत नाही, नुसता तुमचा हात माझ्या हातावर येतो. सुदामा नगरात तेव्हा आमच्या ओळीतली एकही मुलगी गाडी शिकत नव्हती, आणि ते तुम्ही दूधवाल्यालासुद्धा ऐकवायचात. त्या सकाळी मी तुमच्यावर किती जीव टाकला असेल, ते आज लिहायला नको वाटतं. आणि रोज तोच पाठ: "स्टेअरिंग पूर्ण कधी फिरवायचं नाही, बाळ. शेवटचं थोडं सोडायचं. चांगल्या ड्रायव्हरची ती खूण." गाडी तुमच्या ऑफिसातल्या साहेबांची जुनी. तिचे टायर तुम्ही कुठूनसे स्वस्तात आणलेले, एक नंबर मोठे, हे मला ठाऊक होतं, कारण तुम्हीच येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचात, "गाडी उंच दिसते की नाही?" पण त्या टायरचा आणि त्या उपदेशाचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला शिकवलं होतं की मोठ्यांनी एकदा सांगितलं की कारण विचारायचं नाही. मी त्या वर्गातली पहिली मुलगी होते.

मग लायसन्सची परीक्षा. मैदानात विटा मांडून आठचा आकडा केलेला, त्यातून गाडी काढायची. दोरीपलीकडे तीस-चाळीस पुरुष आणि त्यांच्यात तुम्ही. पहिल्या वळणावर इन्स्पेक्टर म्हणाले, "बेटी, पूरा काटो." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणून मी शेवटचं थोडं सोडलं, आणि वीट पडली. दुसऱ्या वळणावर दोन पडल्या. "पूरा काटो ना बेटी, डर काहे का?" मी पुन्हा तुमच्याकडे बघितलं. तिसऱ्या विटेनंतर त्यांनी मला उतरवलं आणि तुम्हाला म्हणाले, "बाऊजी, अभी और सिखाओ." त्यावर तुम्ही हसलात, अण्णा. तुम्ही म्हणालात, "क्या करें साब, लड़कियों को अंदाज नहीं होता." दोरीपलीकडचे सगळे हसले. घरी येताना गाडी तुम्ही चालवलीत. अर्ध्या वाटेवर म्हणालात, "तुझ्या हातात गाडी द्यायची नाही हेच खरं." त्यानंतर ते पातळ आईने पायपुसण्याला घेतलं.

त्या इन्स्पेक्टरसाहेबांना तुम्ही सांगू शकत होतात की टायर मोठे आहेत, पूर्ण फिरवलं की आत घासतात, मुलीला मीच बजावलंय. फार तर त्यांनी तुमच्या काटकसरीची थट्टा केली असती. ती थट्टा तुमच्यावर यायला नको, म्हणून माझी झाली.

नंतर मी रिक्षांत बसले, टेम्पोत बसले, दुसऱ्यांच्या सोयीने निघाले. लेकीला ताप आला तरी कोणीतरी येईपर्यंत दारात उभी राहिले. तुमच्या जावयांच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा कुठे, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, कारण दर पंधरा दिवसांनी त्यांना तुकोगंजला डॉक्टरकडे न्यायचं होतं. शिकवणाऱ्याने कपाळाला हात लावला. "आंटीजी, सब सई है, पर मोड़ पे आपको क्या हो जाता है?" लायसन्स मिळालं, पण आजही जिथे लोक एका दमात वळतात तिथे मी तीनदा पुढे-मागे करते. मागचे हॉर्न वाजवतात. शेजारच्या वहिनी म्हणतात, "ताई गाडी वळवताहेत तोवर माझा कुकर होतो." मी हसते आणि सांगते, आमच्या वडिलांची शिकवण आहे.

दुकानातून मी गाडीच्या मापाचेच टायर बसवून आले आणि धाकट्या भावाला फोन केला. मला वाटत होतं, विटा त्या टायरपायी पडल्या हे तुम्हाला कदाचित कळलंही नसेल. तसं असतं तर मी गप्प बसले असते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं ताई, तुला आत्ता कळलं? मला तर अण्णांनी तेव्हाच सांगितलं होतं. माझ्या लायसन्सच्या आधी टायर बदलले ना, तेव्हा म्हणाले, त्या टायरपायी ताई बिचारी नापास झाली, तुझं तसं नको व्हायला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्हणाले, झालं गेलं. उगाच मनाला लावून घेईल. छोड़ो यार ताई, कितनी पुरानी बात है."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्याच्यासाठी तुम्ही योग्य मापाचे टायर आणलेत, आणि माझ्यासाठी एक वाक्यही नाही. त्याला 'बिचारी' म्हणालात, मला ते 'बिचारी'सुद्धा कळू दिलं नाहीत. ते वाक्य फुकट होतं, अण्णा. फुकटातलीसुद्धा काटकसर तुम्ही केलीत, आणि मी समजत राहिले की माझ्या हातांतच काही उणं आहे.

हे पत्र पाठवायला जागा नाही, आणि तुम्ही असतात तरी मी ते पाठवलं नसतं. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. धाकट्यासाठी नवे टायर बसवून आणले त्या दिवशी आपण सगळे अंगणात होतो. धाकटा गाडी मागे-पुढे करत होता, आणि आई म्हणाली, "आता हिलाही परत बसव ना." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काही बोलणार होतात, असं मला आजही वाटतं. पण मीच आधी म्हणाले, "नको, मला नाही आवडत गाडी चालवायला." तुमचा चेहरा सैल झाला आणि तुम्ही आत गेलात. मी खोटं बोलले होते. तुम्ही आग्रह करावा, म्हणून बोलले होते, आणि बराच वेळ तिथेच उभी होते.