शलमोनाचं मंदिर, स्टॅनमोरची शेड

मी, गिडियन सॅम्युअल नवगावकर, वय एक्याऐंशी, धंदा सुतारकाम, राहणार स्टॅनमोर, लंडन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि भलत्याच खुशीत लिहून ठेवत आहे. खुशीत, कारण काल सकाळी माझं मंदिर पुरं झालं! वकील मालविका म्हणाली, "अंकल, विलमध्ये असलं काही लिहीत नाहीत." मी म्हटलं, "तू टाइप कर, मी सांगतो."

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा अव्हिएल व मुलगी हदार यांना समान. कारभारी मालविका.

२. शेडमधलं शलमोन राजाचं मंदिर, म्हणजे त्याची लाकडी प्रतिकृती. राजाला सात वर्षं लागली, मला एकेचाळीस. पण त्याच्याकडे लेबनानचे देवदार आणि हजारो माणसं होती. माझ्याकडे बंद पडलेल्या पबची लाकडं आणि मिल्का, माझी बायको. आमच्या यहुदी शास्त्रात लांबी साठ हात दिली आहे. मी एका हाताला एका बोटाची रुंदी धरली, बोट माझंच. मध्येच ते करवतीखाली आलं, प्लास्टर झालं, तेव्हा मिल्काच्या बोटाने मोजलं. तिची बोटं केवढी नाजूक! उत्तरेची भिंत चार इंच आखूड झाली, छप्पर तिरकं बसलं. ती भिंत कोणीही दुरुस्त करायची नाही. मिल्काला जाऊन सात वर्षं झाली आणि मला तिची फार आठवण येते.

३. ताबा. राजाने राज्याचे बारा सुभे केले, एकेका सुभ्याने वर्षातून एक महिना राजवाडा पोसायचा. तसाच कारभार इथे. मंदिर एक महिना अव्हिएलकडे ईलिंगला, एक महिना हदारकडे बर्मिंगहॅमला. कुरिअर चालणार नाही. दोघांनी मिळून उचलायचं. एकट्याने उचलून पाहिलं, माझी कंबर गेली. उचलण्याआधी एकत्र चहा. आईच्या वर्षाला मलिद्याचं, गोड पोहे नि फळांचं ताट कोणाच्या घरी भरायचं, यावरून ही दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्यामागे ती कायमची तुटतील, एवढीच मला भीती आहे.

४. आमच्या सिनेगॉगच्या ज्या कमिटीने "हेल्थ अँड सेफ्टी" सांगून मंदिर हॉलमध्ये ठेवू दिलं नाही, तिला पॉलिशचा रिकामा डबा. झाकणासकट.

५. शलमोनाने बांधकामासाठी लोकांना वेठीला धरलं. त्याच्या मुलाने ती वेठ हलकी केली नाही आणि राज्याचे दोन तुकडे झाले. मीही तेच केलं. अव्हिएलला दर रविवारी खांब घासायला बसवलं, त्याचं फुटबॉल बुडालं. हदार दारात उभी राहून विचारायची, "डॅडी, मी पण करू?" मी म्हणायचो, "मुलींचं काम नाही हे." वा रे राजा! अव्हिएल, माझं चुकलं. हदार, तुझ्या बाबतीत जास्तच चुकलं.

६. रंधे, पटाशा, करवती, सगळी हत्यारं हदारला. हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. मालविका म्हणते, कायद्यात बसत नाही. न बसू दे! या कलमाची प्रत ती आजच दोघांना पाठवेल. हदार, येत्या रविवारी अकराला ये. अव्हिएल, तूही ये, पण कशाला हात लावायचा नाही. खुर्चीत बसून मॅच बघायची. मंदिर झालं, आता राजवाडा बांधायला घ्यायचा आहे. शलमोनाला त्याला तेरा वर्षं लागली. माझं वय वर लिहिलंच आहे, तेव्हा उशीर करू नका.

स्टॅनमोर, बुधवार, ११ जून २०२५
सही: गिडियन सॅम्युअल नवगावकर

आम्ही दोघांनी एकाच वेळी समोर बसून ही सही होताना पाहिली. मध्ये हसू आलं, तरी नजर हलवली नाही.
साक्षीदार, शेजारी: कमलाकर देवस्थळी, नीना देवस्थळी