मास्तर पोहायला शिकले तेव्हा

मास्तर, आज सकाळी मी खाडीवर जाऊन बसले होते. भरती पूर्ण चढली होती. पाणी इतकं निवांत, की पलीकडचे माड तळाशीही उगवलेत असं वाटावं. अशा पाण्याकडे बघत राहिलं की मला तुम्ही दिसता: पंचा नेसलेले, तरंगायला म्हणून कमरेला सुके नारळ बांधलेले, थंडीने कुडकुडणारे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी म्हातारी होत चालले आणि तुम्ही मात्र तिथेच, तिशीतले.

तुम्ही देशावरून आमच्या गावच्या शाळेत आलात तो काळ एकोणीसशे वीसनंतरचा. मुंबईची बोट रेवसला लागायची आणि पुढचं सगळं पायी नाहीतर होडीने. तुमची खोली खाडीपलीकडे होती. माझा बा तुम्हाला रोज होडीतून आणायचा, आणि तुम्ही होडीच्या मध्यावर दोन्ही कडा घट्ट धरून बसायचात. वर्गात मात्र तुमचा दरारा. आम्हा आगऱ्यांच्या मुली शाळेत तिघीचौघीच. एके दिवशी तुम्ही मला धडा वाचायला उभं केलंत. मी ‘पाणी’चं ‘पानी’ वाचलं, ‘बाळ’चं ‘बाल’. तुम्ही पुन्हा वाचायला लावलंत, मी पुन्हा तेच वाचलं. पोरं हसायला लागली. जितकी ती हसली तितकी माझी जीभ जड झाली. शेवटी तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, “बस खाली. दगड आहेस, दगड.”

मी दुसऱ्या दिवसापासून शाळेत आले नाही. आई मिठागरावर जायची, तिच्याबरोबर जायला लागले. बाने एकदाच विचारलं, “का गं, शाला सोडलीस?” मी म्हटलं, “मना न्हाय येत. मी दगड हाय.” आमच्याकडे ज्याला येतं त्याला येतं, न्हाय त्याला न्हाय, असाच समज होता. मलाही ते पटलं होतं. मला वाईटसुद्धा वाटेनासं झालं होतं, आणि आज मागे वळून बघताना त्याचीच जास्त भीती वाटते.

पुढे पावसाळा सरला आणि एका ओहोटीला होडीतून उतरताना तुमचा पाय चिखलात घसरला. पाणी छातीएवढंच होतं, पण तुम्ही बुडायला लागलात. बाने तुम्हाला सदऱ्याला धरून वर ओढलं. कुणी दुसरा असता तर त्याने अलीकडे खोली बघितली असती. तुम्ही बाला म्हणालात, “मला पोहायला शिकवाल?”

मग रोज सकाळी तो खेळ सुरू झाला. हो, आम्हाला तो खेळच होता. शाळेतला सबंध वर्ग बांधावर येऊन बसतो आहे, बायका घागरी टेकवून उभ्या आहेत, आणि सगळ्यांसमोर तुम्ही नाकातोंडात पाणी जाऊन खोकताय. मीही आहे तिथे, सगळ्यांच्या मागे. बाला पोहता येत होतं, शिकवता येत नव्हतं. तो काठावरून नुसता ओरडायचा, “मास्तर, अंग सैल सोडा! अवं, सोडा ना!” एका सकाळी तो वैतागून म्हणाला, “दगड हाव का तुमी?” आणि सगळे हसले. तुम्ही खाली गेलात, वर आलात, काठ धरलात. तेव्हा तुमची नजर माझ्यावर पडली.

तुम्ही वर येऊन ओल्या पंच्यानिशी बांधावर बसलात. मग बाला हळूच म्हणालात, “असं म्हणू नका हो. असं म्हटलं की अंग आणखी आखडतं.”

त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही आमच्या अंगणात आलात. आई गडबडून घोंगडी अंथरायला लागली. तुम्ही उभेच राहिलात. मला म्हणालात, “मी तुला दगड म्हणालो ते चुकलं. उद्या शाळेत ये. वर्गासमोरही म्हणेन.”

आई घाबरून म्हणाली, “मास्तर, पोरीजवल असं बोलतात व्हय?”

“सगळ्यांसमोर बोललो होतो ना,” तुम्ही म्हणालात.

आणि तुम्ही खरंच वर्गासमोर म्हणालात. कुणी हसलं नाही. मग मला जवळ बोलावून तुम्ही आ करून दाखवलंत, जीभ टाळूला कुठे टेकते ते. “तुझ्या घरचं ‘पानी’ खोटं नाही,” तुम्ही म्हणालात, “हे दुसरं आहे, एवढंच. जिभेला सवय लागेल.” सवय लागायला कितीतरी महिने गेले. बासुद्धा तोवर ओरडायचा थांबला होता. तुमच्या पाठीखाली हात धरून तो तुम्हाला पाण्यावर उताणं निजवायचा आणि नकळत हात काढून घ्यायचा. एका सकाळी तुम्ही तसेच तरंगत राहिलात, डोळे मिटून, आणि बांधावरची सगळी माणसं उठून उभी राहिली. पुढे तुम्ही खाडी पार केलीत. मी शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांसमोर धडा वाचला, नंतर सातवीची फायनल पास झाले, आणि पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेले. तिथे असतानाच बाने कुणाकडून तरी लिहवून कळवलं, हिवतापात मास्तर गेले.

मी सारा जन्म मुली शिकवल्या, मास्तर. हुशार आणि मठ्ठ असं माणसांचं वाटप आधीच झालेलं असतं, हे मला कुणी कितीही सांगितलं तरी खरं वाटत नाही, कारण मी तुम्हाला बुडताना पाहिलं आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. तुम्ही अजून स्वप्नात येता, पाण्यावर उताणे, निवांत. मी बांधावरून हाक मारते, “मास्तर, तुमी कवा आलाव?” सगळं बाच्या बोलीत. जागी झाल्यावर ते सुधारून घ्यावं असं मला कधीच वाटलं नाही.